आजोळ फॅमिली ग्रुप: क्रूसचा शर्ट कपाटातच

मामा: फोटो पाहिला. छान. पण वाढदिवसाला मी पाठवलेला फुटबॉलवाल्या टोनी क्रूसचा, रिअल माद्रिदचा 8 नंबरचा शर्ट कुठंय? नातू परत बायर्न म्युनिकच्या म्युलरच्या 25 नंबरमध्येच!

ताई (म्युनिक): मामा, रागावू नकोस ना. एकदा घालून गेला होता. पोरं म्हणाली, हा तर आपल्याला सोडून गेला. तेव्हापासून हात लावत नाही.

मामा: सोडून गेला? 2014 ला वर्ल्ड कप जिंकून आलेल्या पोराला बायर्ननं विकलं! तिकडे माद्रिदला पाच चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला, बायर्नची 2013 ची धरून सहा. म्युलरच्या किती? दोन.

बाबा: सहा विरुद्ध दोन. विषय संपला.

मावशी: रविवारी सत्यनारायणाला कोण कोण? आचारी आकडा मागतोय.

ताई (म्युनिक): बाबा, असं नसतं हो. म्युलर इथल्याच पेल गावचा. दहा वर्षांचा असताना बायर्नमध्ये आला तो 2025 पर्यंत तिथेच. 756 सामने, क्लबात दुसऱ्या कुणाचे इतके नाहीत. जिंकले की भोंगा घेऊन दक्षिण स्टँडसमोर उभा राहायचा आणि अख्खं स्टँड त्याच्यामागे गायचं. त्याच्या शेवटच्या होम मॅचला, ग्लाडबाखविरुद्ध, आमचे खालचे आजोबा टीव्हीसमोर रडत होते. चष्मा काढून हातात धरलेला.

मामा: पोलंडच्या लेवांडोव्स्कीचे बायर्नसाठी 344 गोल, म्युलरचे 250. त्याच्यासाठी रडले का कुणी?

ताई (म्युनिक): तो डॉर्टमुंडहून आला, 2022 ला बार्सिलोनाला गेला. कौतुक झालं, पण पाहुण्याचं. गोलकीपर नॉयर 2011 ला शाल्के क्लबातून आला तेव्हा तर बायर्नच्याच लोकांनी ‘नॉयर नको’चे फलक धरले होते. त्याला आपला म्हणायला वर्षं गेली.

दादा: आणि ओझिल? तो कुठे बाहेरून आला होता? तुर्की वंशाचा, पण जन्म जर्मनीतल्याच गेल्सनकिर्शनचा, 2014 च्या त्याच वर्ल्ड कप संघातला. 2018 च्या वर्ल्ड कपला हरले आणि त्यानं लिहिलं, जिंकलो की मी जर्मन, हरलो की परका. वाचून मला फार लागलं होतं.

ताई (म्युनिक): तुर्कीचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्याबरोबरच्या फोटोवरून लोक आधीच चिडले होते रे. पण हो, त्याच्यावर अन्याय झाला. इथे राहून मला ते जास्तच कळतं.

बाबा: सहा विरुद्ध दोन.

मावशी: अहो, आकडा!! बत्तीस सांगू का?

मामा: क्रूसला तर जर्मन लोकच ‘आडवे पास देणारा टोनी’ म्हणून चिडवायचे. 2024 च्या युरो कपला जर्मनीच्या संघात परत बोलावला, तुमच्याच म्युनिकमध्ये स्कॉटलंडला 5-1 हरवलं, तेव्हा किंमत कळली.

ताई (म्युनिक): मान्य. उशिराच कळली.

मामी: शर्टाचं एवढं लागतंय, तर तिनं दिवाळीला पाठवलेलं जॅकेट तुम्ही कधी घातलंत?

मामा: बाह्या आखूड होत्या. तो विषय इथे नको.

ताई (म्युनिक): मामा, मला सांगायचंस ना! बरं, नातू म्हणतोय, रविवारी पूजेच्या व्हिडिओ कॉलला क्रूसचा शर्ट घालतो.

मामा: घालू दे. मावशी, आमचे चार धर.