प्रयोगशाळा, पॉलिश आणि अर्क यांसाठी इथेनॉल कोठे मिळेल?

विज्ञान शिक्षिका, आर्वी तालुका
पानातील स्टार्चच्या प्रयोगासाठी आम्हाला अल्कोहोल लागते. शिवाय शाळेच्या सागवानी कपाटांना चपडा लाखेचे पॉलिश करायचे आहे आणि गावातील बचत गटाला अडुळशाचा अर्क काढून विकायचा आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी असल्याने नुसती चौकशी केली तरी लोक वळून पाहतात. तिन्ही कामांना एकच इथेनॉल चालेल का, आणि ते रीतसर कोठे मिळेल?

निवृत्त प्रयोगशाळा परिचर, अमरावती
ताई, एकच चालणार नाही. शुद्ध इथेनॉल नागपूरच्या रसायन विक्रेत्यांकडे मिळते, परंतु त्याची खरेदी आणि साठा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत येत असल्यामुळे आधी वर्ध्याच्या अधीक्षक कार्यालयात शाळेच्या पत्रासह विचारणा करावी. कागदपत्रे न मागता देणाऱ्याकडे फिरकूही नये. खरे तर हरितद्रव्य काढण्यापुरते आयसोप्रोपिल अल्कोहोलही पुरते आणि ते मिळवणे सोपे जाते. मात्र परीक्षानळी थेट ज्योतीवर कधीही धरू नका: बीकरमध्ये पाणी उकळून घ्या, बर्नर विझवा आणि मगच पान व अल्कोहोल असलेली नळी त्या गरम पाण्यात ठेवा. पान पांढुरके झाले की ते कोमट पाण्यात मऊ करून त्यावर आयोडीन टाकावे.

फर्निचर कारागीर, पुसद
पॉलिशसाठी रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल, मागा. टर्पेंटाइनमध्ये चपडा विरघळत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नका, कारण दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते.

औषधनिर्माता, यवतमाळ
वरचे डिनेचर्ड स्पिरिट चुकूनही अर्कात वापरू नये. ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी किंवा अत्यंत कडू पदार्थ मिसळतात. मिथेनॉल असेल तर दृष्टी जाऊ शकते, प्रसंगी जीवही जातो, आणि घरी उकळून वा गाळून ते निघत नाही. औषधाच्या दुकानातील सर्जिकल स्पिरिटही केवळ बाह्य वापरासाठी असते. घरापुरता अडुळशाचा काढा पाण्यातच होतो, त्याला अल्कोहोल लागतच नाही. विकायचा असेल तर आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो, तेव्हा गटाने बाटल्या आणण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन यावे.