हॉटेलसारखं तिखट चीज डिप घरी: तुमचं जमलं की फाटलं?

सहाव्या मजल्यावरून

मुलाचा दहावीचा निकाल लागला म्हणून लोअर परळला एका मेक्सिकन हॉटेलात गेलो होतो. नाचोजबरोबर वाटीभर पिवळंधमक, तिखट चीज डिप आलं. मुलांनी दोन मिनिटांत वाटी पुसून घेतली. दुसरी मागितली तर तिचे वेगळे पैसे लावले, आणि तेही असे की मी बिल दोनदा वाचलं.

म्हटलं, त्यात काय, घरी करू. शनिवारी चांगलं महागातलं, मुरवलेलं चेडर आणलं, किसलं आणि उकळत्या दुधात घातलं. पाच मिनिटांत पातेल्यात खाली रबराचा गोळा, वर तेलाचा तवंग आणि मध्ये निवळी. यांनी डोकावून विचारलं, "पनीर करतेयस का?"

तर ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहा. आणि पाककृतीच्या लिंका नकोत, तुमच्या ओट्यावर काय झालं ते हवं.

फोडणी, बोरिवली

ताई, तुमचं चीज चांगलं होतं म्हणूनच फाटलं. मीही दोनदा पैसे घालवून शहाणी झाले. आता साधे अमूलचे क्यूब घेते. चार क्यूब म्हणजे 100 ग्रॅम.

चमचाभर बटरात ठेचलेला लसूण, त्यावर चहाचा एक चमचा मैदा. मैद्याचा कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग पाऊण कप फुल क्रीम दूध थोडं थोडं. दाट झालं की गॅस बंद, आणि मगच किसलेलं चीज. पातेल्याच्या उष्णतेवर ते आपोआप वितळतं. मीठ अजिबात घालू नका, चीजमध्ये भरपूर असतं. पहिल्या वेळी सवयीने घातलं होतं, सगळ्यांनी रात्रभर पाणी प्यायलं.

सोडावॉटर, मुलुंड

फोडणीताईंचं बरोबर आहे, कारण मी सांगतो. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, राहवत नाही.

चीजमधलं प्रथिन, म्हणजे केसीन, कॅल्शियमने एकमेकांना बांधलेलं असतं. आच जास्त झाली की ते आवळतं आणि स्निग्धांश नि पाणी पिळून बाहेर काढतं. तुमचा गोळा, तवंग, निवळी हे तेच. सोडियम सायट्रेट नावाचा क्षार घातला की तो कॅल्शियम स्वतःकडे ओढतो, केसीन मोकळं होतं आणि तुपाला नि पाण्याला धरून ठेवतं. स्वित्झर्लंडमध्ये 1911 साली हीच युक्ती वापरून प्रोसेस्ड चीज केलं गेलं. क्यूबमध्ये असे क्षार आधीच असतात, म्हणून तो बिचारा फाटत नाही.

चेडरच हवं असेल तर वाण्याकडून ढोकळ्याचं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड आणा. 5 ग्रॅम खायचा सोडा, 4 ग्रॅम लिंबूफूल, अर्धी वाटी पाणी. फसफसेल. फेस पूर्ण बसू द्या. झालं सोडियम सायट्रेट. हेच पाणी गरम करून त्यात मंद आचेवर 200 ग्रॅम चेडर चिमटी चिमटीने घाला. मी एकदा फेस बसायच्या आधी घाई केली. डिप उतू गेलं आणि शेगडीचा बर्नर दोन दिवस रुसला.

गंमत म्हणजे या क्षाराच्या सूत्रातली अक्षरं ओळीने वाचली तर एन-ए, सी, एच, ओ, म्हणजे नाचो! वर्गात हे सांगितलं की शेवटचा बाकसुद्धा जागा व्हायचा.

एक खाट एक खुर्ची, अंधेरी

मी पीजीत राहतो, इंडक्शन चोरून वापरतो. मोझरेला होतं म्हणून तेच वितळवलं. डिप नाही झालं, दोरखंड झालं. रूममेट नाचो घेऊन दारापर्यंत गेला तरी तार तुटेना.

मग दुसऱ्या दिवशी उरलेलं पनीर मिक्सरमधून काढून गरम केलं. पनीर वितळतच नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रवा खाल्ल्यासारखं लागलं. संपवलं मात्र, महिनाअखेर होती.

मिरची गल्लीची सून, लालबाग

चीजबद्दल सगळे बोलले, तिखटाचं काय? दूध आणि चीज तिखट मारतात. जिभेला जेवढं पुरे वाटतं त्याच्या दीडपट घालावं लागतं. पण वरून तिखट भुरभुरलं तर ते कच्चट लागतं. आधी बटर जेमतेम गरम करून त्यात तिखट घाला. तिखटाचा जोर पाण्यात उतरत नाही, स्निग्धात उतरतो. बेडगी रंगाला, चिमूटभर लवंगी जाळाला. बटर कडकडीत तापवलंत तर मिरची जळेल आणि शेजारी खोकत दार वाजवतील. (वाजवलंय.)

बाटलीतल्या हालपिन्यो मिरचीऐवजी मी भावनगरीच्या चकत्या मीठ-साखर घातलेल्या व्हिनेगरात आदल्या रात्री बुडवते. तेवढी झणझणीत नसते, पण तोच आंबट कुरकुरीतपणा.

हौसेने मालवणी मसालाही घालून पाहिला. चीजची आमटी झाली. सासूबाईंनी भात मागितला.

गिरगाव, मागची खोली

मी टोमॅटो चिरून सरळ दुधात घातला. नासलं. आता टोमॅटोच्या बिया काढून, पाणी आटेपर्यंत परतून, अगदी शेवटी घालते. मिरचीचं व्हिनेगरही शेवटीच.

आमच्याकडे नाचो कोणाला आवडत नाहीत, टाळूला टोचतात म्हणे. मेथी खाकरा नाहीतर शेवपुरीची चपटी पुरी. पुरी मोडत नाही, हे महत्त्वाचं.

पूर्वी आत होतो

बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, म्हणून सांगतो. आमच्याकडे डिप ऑर्डर आल्यावर कोणी करत नसे. सकाळी घमेलंभर व्हायचं आणि गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात दिवसभर उभं असायचं. तुम्हाला "हॉटेलची चव" वाटते त्यात अर्धा भाग हा की ते टेबलावर येईपर्यंत गरम असतं. घरी आपण आधी फोटो काढतो.

मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून आत डिपचं पातेलं ठेवा. साय धरायला लागली की चमचाभर गरम दूध घालून हलवा, फ्रिजमधलं थंड नको. आणि नुसतं दाट करायला कॉर्नफ्लोअर ओतत बसू नका, चकाकी येते पण जिभेवर खळ लागते.

नाचोजचं म्हणाल तर 1943 मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया यांनी ते घाईत जुळवले. त्यांवर खरं किसलेलं चीज होतं, सॉस नव्हता. पातळ चीजची आवड त्या सीमेच्या पलीकडली, टेक्सासकडची. तिथेही घरोघरी प्रोसेस्ड चीजमध्ये डब्यातले टोमॅटो-मिरची घालूनच करतात. तेव्हा क्यूबची लाज बाळगू नका.

सहाव्या मजल्यावरून

सगळ्यांना धन्यवाद. काल केलं. सहा क्यूब, दोन चमचे उरलेलं चेडर (अजून जीव अडकलाय त्यात), लालबागची मिरची बटरात, व्हिनेगरातली भावनगरी शेवटी. फाटलं नाही! थोडं घट्ट झालं होतं, गरम दुधाने सुटलं. हॉटेलचं जास्त पिवळं होतं, मुलाने लगेच दाखवून दिलं. मी चिमूटभर हळद घालणार होते, यांनी हात धरला.

रात्री उरलेलं फ्रिजमध्ये वडीसारखं थिजलं. सकाळी पावावर लावून तव्यावर भाजलं, ते डिपपेक्षा आवडलं.

दुसऱ्या वाटीचे पैसे मीही लावलेत. जो मागेल त्याने पातेलं घासायचं, आणि चीज वाळायच्या आत.