'ट्रेझर आयलंड'ची पुढची गोष्ट वाचताना

स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपात 1883 मध्ये आलं, आणि अँड्र्यू मोशनने त्याची पुढची गोष्ट, 'सिल्व्हर', 2012 मध्ये लिहिली. दोन्ही वाचलेल्यांनी लिहा: आधी तयारी काय हवी, आणि वाचक अडतो कुठे?

— मूळची 34 प्रकरणं परत वाचायला सवड नसेल तर 6, 15, 33 आणि 34 तरी वाचाच. सहाव्यात समुद्री चाच्यांचा कप्तान फ्लिंट याचा नकाशा उघडतो. पुढे तीन लाल फुल्या, मागे टिपणं: चांदीच्या लगडी उत्तरेच्या साठ्यात, चेहरा दिसणाऱ्या काळ्या कड्याच्या दक्षिणेला दहा फॅदमवर. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव, सहा फूट. म्हणजे कड्यापासून फक्त 60 फूट! जहाजावर सोनं चढतं, चांदी मात्र बेटावरच राहते. नवी मोहीम निघते ती याच चांदीसाठी.

— वरच्या प्रतिसादात भर: संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. शेवटच्या प्रकरणात जहाजावरच्या तीन बंडखोरांना बेटावर सोडतात. त्यांच्यासाठी दारूगोळा, खारवलेलं बकऱ्याचं मांस, औषधं, अवजारं, एक जादा शीड, थोडा दोर आणि डॉक्टरांच्या खास आग्रहावरून भरपूर तंबाखू ठेवतात. जहाज निघताना ते वाळूच्या दांड्यावर गुडघे टेकून हात पसरतात. एवढं गाळलेलं असेल तर 'सिल्व्हर'मधले खलनायक कुठून उपटले ते कळत नाही.

— नावांचा घोळ होतो. नव्या पुस्तकाचा काळ 1802. सांगणारा जिम हा जुन्या जिमचा, म्हणजे मूळ गोष्ट सांगणाऱ्याचा मुलगा; सोबतची नॅटी ही मूळ गोष्टीतल्या लाँग जॉन सिल्व्हर या चाच्याची मुलगी. दोन्ही पुस्तकं 'मी'मध्ये आहेत, म्हणून लागोपाठ वाचताना हमखास गोंधळ.

— वेगाची अपेक्षा बदला. मूळ गोष्ट मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली होती, त्यामुळे प्रकरण संपतं तेच उत्कंठेवर. मोशन 1999 ते 2009 ब्रिटनचे राजकवी होते. टेम्सकाठची दलदल आणि पाणी ते थांबून थांबून दाखवतात. ती पानं चाळून पुढे गेलात तर पुस्तकातलं सर्वात सुंदर तेच निसटेल. बेटावरची गुलामगिरी मात्र फार क्रूर आहे. दहा वर्षांच्या मुलाला मूळ पुस्तक खुशाल द्या, हे नको.

— आणि 2014 चं 'द न्यू वर्ल्ड', म्हणजे मोशनचाच पुढचा भाग, आधीच मिळवून ठेवा. 'सिल्व्हर'चं शेवटचं पान उलटल्यावर गोष्ट भर समुद्रकिनाऱ्यावर अर्धीच असते.