मदत हवी आहे: ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हॉस्पिटल बिलात दोन रात्री जास्त लावल्यात, तक्रार कुठे करायची?

बाबा निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री. आम्ही कुडाळजवळचे. श्रावणात ताप, छातीत कफ, दम लागायला लागला. पॉलिक्लिनिकमधून (योजनेचा दवाखाना) रेफरल, म्हणजे पुढे पाठवायची चिठ्ठी, घेतलं आणि फोंडाघाट चढून कोल्हापूरला योजनेच्या पॅनेलवरच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. तीन रात्री ठेवलं. उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही.

राहिलेला एक रिपोर्ट आणायला भाऊ आठवड्याने गेला, तेव्हा काउंटरवरून बिलाची प्रतही मागून घेतली. त्यात पाच रात्री! शिवाय रोज फिजिओथेरपी. त्या माणसाचं आम्ही तोंडसुद्धा पाहिलं नाही. ज्या दिवशी बाबा कागदोपत्री खाटेवर होते, ती नारळी पौर्णिमा. त्या संध्याकाळी ते कानाला मफलर गुंडाळून मालवणच्या जेटीवर नारळ सोडत होते. माझ्या मोबाइलमध्ये तारखेसकट फोटो आहे.

डिस्चार्जच्या वेळी दोन कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या. घाईत दिल्या, चूक आमचीच.

बाबा म्हणतात, "जावं दे रे, आपल्या खिशातले थोडेच गेले?" गेले की! २००४ ला निवृत्त होताना वर्गणी कापून घेतली होती, आणि उरलेलं सरकार भरतं म्हणजे कोण भरतं? इकडे शुगरच्या गोळीवर 'एनए'चा (औषध उपलब्ध नाही) शिक्का मारून परत पाठवतात आणि तिकडे न झालेल्या फिजिओचे पैसे जातात.

प्रश्न एवढाच, तक्रार नेमकी कुणाकडे? आणि पुढच्या रेफरलला बाबांना त्रास होईल का? त्यांना तीच भीती आहे.

उत्तर १
दादा, मी बारा वर्षं या बिलांच्या मागे फिरलोय. हॉस्पिटल बिल ऑनलाइन चढवतं, तपासणारी एजन्सी फक्त कागद बघते. कागदावर पेशंटची सही असली की तिला खोट दिसणार कशी? २०१५ च्या कॅगच्या (सरकारी खर्चाचं ऑडिट करणारी संस्था) अहवालानेही ईसीएचएसच्या बिलांवर बोट ठेवलं होतं.

पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना (तिथले प्रमुख अधिकारी) लेखी अर्ज द्या, प्रत ईसीएचएसच्या रिजनल सेंटरला. डिस्चार्ज समरीवरची तारीख हाच तुमचा खरा पुरावा, फोटो नंतर. पोच घेतल्याशिवाय हलू नका. दाद लागली नाही तर सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन तक्रार पोर्टल) माजी सैनिक कल्याण विभागाकडे टाका. चढवलेल्या बिलाची प्रत माहिती अधिकारात बाबांच्याच नावाने मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

रेफरल पॉलिक्लिनिक देतं, हॉस्पिटल नव्हे. पुढच्या वेळी पॅनेलवरचं दुसरं मागा.

धागाकर्ता
आभार काका. समरी सापडली, तारीख तीन रात्रींचीच आहे. बाबा अजून कुरकुरतायत, पण अर्जावर सही केली. या वेळी आधी चष्मा लावून सगळं वाचलं.