मदत हवी आहे: प्रोजेक्टची वही पार विस्कटलीय, कशी सावरू?

ब्युरेटवाली: नमस्कार. कोल्हापुरात एम.एस्सी. केमिस्ट्री, दुसरं वर्ष. प्रोजेक्ट पंचगंगेच्या पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर. घाट आणि राजाराम बंधारा इथून दर आठवड्याला नमुने आणते. काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालते, म्हणजे ऑक्सिजन तिथंच पकडला जातो, मग लॅबमध्ये थायोसल्फेटने टायट्रेशन: ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, ते थेंब थेंब सोडायचं आणि रंग जाईपर्यंत किती मिली लागलं ते वाचायचं. हे सगळं जमतं.

घोळ वहीचा आहे. बी.एस्सी.ला रीडिंग रफ कागदावर आणि जर्नल घरी बसून सुवाच्य अक्षरात, ती खोड गेली नाही. आता माझ्याकडे चिठ्ठ्यांचं गाठोडं आहे. एक तर केएमटी बसच्या तिकिटामागे! काल सरांनी त्यातली एक उचलली. नुसतंच ‘५.८’. म्हणाले, “हे ब्युरेटचं रीडिंग की उत्तर?” मला सांगता येईना. २०० मिली नमुना आणि ०.०२५ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) थायोसल्फेट घेतलं की जितके मिली तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर, दोन्ही आकडे सारखेच.

आता नवी वही आणून सगळं नीट उतरवून काढू का? मागच्या तारखा घालून?

जुना_लॅबवाला: मागच्या तारखा अजिबात नकोत, ताई. आजची तारीख घाला, ‘मागाहून केलेली नोंद’ असं लिहा आणि ती चिठ्ठी तशीच्या तशी चिकटवा. सही अर्धी चिठ्ठीवर, अर्धी पानावर. तिकीट असलं तरी चालतंय. मूळ कागद तोच.

इथून पुढं बांधीव वही, पानांना आधीच नंबर, पहिली चार पानं अनुक्रमणिकेला. बॉलपेन वापरा, जेलची शाई बऱ्याचदा पाण्याचा थेंब पडला की पसरते. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर लॅबबाहेर ठेवा. वही घाण झाली तरी बिघडत नाही, तिला जर्नल समजू नका.

नदीकाठचा: ब्युरेटचं सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही रीडिंग लिहा, नुसती वजाबाकी नको. आणि खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही: ते थायोसल्फेट त्या दिवशी ०.०२५ होतं का? ठेवून ठेवून त्याची तीव्रता उतरते. उतरली की जास्त मिली लागतात आणि नदीत नसलेला ऑक्सिजन कागदावर येतो. स्टँडर्डायझेशन (खरी तीव्रता तपासणं) कधी केलं, कितीला आलं, हे त्याच पानावर हवं.

ब्युरेटवाली: आत्ताच बाटली बघून आले. लेबलवर ‘०.०२५’ आहे. खाली तारीख होती, ती ओघळलीय. जेल पेन माझंच.

नदीकाठचा: मग त्या चिठ्ठ्यांपुढं फक्त मिली लिहा, उत्तर काढू नका. आणि उद्या आधी थायोसल्फेट.