वैमानिकाखेरीज बाकीचे सहा

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांतली मोठी पदकं वैमानिकांनाच मिळाली, असं म्हटलं जातं. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकापुरतं ते बरंचसं खरं आहे, पण नॉर्मन जॅक्सनला विसरून चालणार नाही.

हा ब्रिटिश हवाई दलाच्या १०६ स्क्वाड्रनमधला सार्जंट, लँकेस्टर या सात जणांच्या बॉम्बर विमानाचा फ्लाइट इंजिनिअर, म्हणजे उड्डाणात इंजिनांवर लक्ष ठेवणारा. त्याच्या ठरलेल्या ३० मोहिमा झाल्या होत्या, सुटी घेता आली असती. पण आपल्या सोबत्यांची साथ सोडायची नाही म्हणून तो ३१व्यांदा निघाला. २६ एप्रिल १९४४ची रात्र, लक्ष्य जर्मनीतलं श्वाइनफुर्ट शहर. बॉम्ब टाकून झाल्यावर जर्मन लढाऊ विमानाने गाठलं आणि उजव्या पंखावर पेट्रोलच्या टाकीजवळ आग लागली.

जॅक्सनने आग विझवायचं नळकांडं जॅकेटात खुपसलं आणि वैमानिकाच्या डोक्यावरच्या झडपेतून तो पंखाकडे जायला बाहेर पडला. सुमारे २०,००० फूट उंचीवर! पॅराशूट आतच उलगडलं, तर विमानातल्या तिघांनी त्याच्या दोऱ्या धरून ठेवल्या. नळकांडं वाऱ्याने उडालं, हात-तोंड भाजलं, आणि जळतं पॅराशूट घेऊन तो खाली गेला. घोटा मोडला होता, एक डोळा मिटलेला. उजाडल्यावर तो सरपटत जवळच्या गावात पोचला. पुढे दहा महिने इस्पितळात.

वैमानिक आणि शेपटाकडचा तोफची वाचले नाहीत. बाकीचे युद्धकैदेतून सुटून आले, त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे हे कळलं. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला ऑक्टोबर १९४५मध्ये.