डोक्याला मार लागलेल्या पेशंटची तपासणी टेबलावर की ओट्यापाशी?

घरभेट_थेरपिस्ट
पेशंट चालायला-बोलायला लागला की घरचे म्हणतात, "देवाची कृपा, बरा झाला." कागदही तेच सांगतो. 'मोका' ही स्मरण, लक्ष वगैरे टेबलावर बसून तपासणारी ३० गुणांची चाचणी, त्यात २६ किंवा जास्त मिळाले की ठीक समजतात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी. माझं म्हणणं असं की, माणसाला प्रत्यक्ष काम करताना पाहिल्याशिवाय "कामावर जायला हरकत नाही" असं कुणी लिहूच नये.

मार बऱ्याचदा कपाळामागच्या भागाला बसतो. ठरवणं, क्रम लावणं, चूक दिसली की थांबणं, हे सगळं तिथलं काम. चाचणीच्या वेळी दार बंद असतं. काय करायचं आणि कधी सुरू करायचं, ते मीच सांगते. म्हणजे त्याला जे जमत नाही नेमकं तेच मी करून देते! शॅलिस आणि बर्जेस या संशोधकांनी १९९१मध्ये असे ३ पेशंट दुकानांच्या रस्त्यावर छोट्या कामांना पाठवले होते. बुद्धीच्या चाचण्यांत चांगले असूनही तिथे त्यांची कामं अर्धवट राहिली, सांगितलेले नियम मोडले गेले.

आपल्याकडचा चहा घ्या. २७ गुणांचा पेशंट. आधण ठेवलं, साखर घातली, तेवढ्यात फोन वाजला म्हणून बाहेर गेला. परत येऊन पुन्हा साखर. चहा पावडरचा डबा उघडा, ओट्यावरच. आधण आटून भांडं करपलं तरी हा शांत उभा, कारण त्याला वासच येत नव्हता. डोक्याच्या मारात वास जाणं नवं नाही, पण आपण विचारलं नाही तर पेशंट सांगत नाही. अशा माणसाला गॅस गळतीही कळणार नाही.

सरकारी_ओपीडी
मॅडम, एकदा आमच्या ओपीडीत येऊन बसा. पालघर, कर्जतहून पहाटे निघालेले लोक बाकावर असतात. एकाचा चहा बघेपर्यंत मी तिघांना तपासते. प्रत्यक्ष काम बघायला पेशंटला स्टेशनवर नेलं आणि पुलावर फिट आली तर जबाबदार कोण? शिवाय मोटार अपघात दाव्यात वकील आकडा मागतो. "दोनदा साखर घातली" एवढ्यावर कुटुंबाला भरपाई मिळत नाही. टेबलावरच्या चाचण्यांनी गरिबांची कामं झालेली आहेत, त्यांना नावं ठेवू नका.

न्यूरोसायको_ठाणे
माझा आक्षेप वेगळा आहे. चहा बिघडला, पण कशामुळे? लक्ष, स्मरण, नजर की थकवा, हे त्या भांड्यातून कळत नाही, त्यासाठी चाचण्याच लागतात. आणि आपल्या घरांत कित्येक पुरुषांनी आयुष्यात कधी चहा केलेला नसतो. मग तुम्ही मार मोजता की सवय?

घरभेट_थेरपिस्ट
सवयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य. म्हणून आधी घरच्यांना विचारायचं, हा आधी काय करायचा? दुकानदार असेल तर सुटे पैसे मोजायला द्या. दादरला लोकल बदलणारा कारकून असेल तर ते बघा. तिथे मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३मध्ये बदलले. जुन्या क्रमांकावर जाणं ही चूक कुणाकडूनही होईल. पण समोर इंडिकेटर दिसत असूनही हा तिथेच उभा राहतो का, ते मला बघायचं असतं.

आकड्याचं म्हणाल तर कामावरून तपासणाऱ्या चाचण्यांतही तो असतो. एकीत स्वयंपाक, फोन, औषधं आणि बिल भरणं ही चार कामं करायला देतात. किती मदत लागली त्यावर ० ते ५ गुण. ५ म्हणजे ते काम दुसऱ्यालाच करावं लागलं. वकिलाला हे सहज समजावता येतं. रस्त्यावर नेणं शक्य नसेल तर हॉस्पिटलच्या आवारातच कॅन्टीन, औषधाचं दुकान, चौकशीची खिडकी आहे. या देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५०मध्ये कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे पालिकेच्या हॉस्पिटलातच सुरू केली. म्हणून गर्दीचं कारण देऊन हे सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

विक्रोळीहून
तुम्ही पाहून निघून जाता, राहतो आम्ही. एक खोली, त्यात सासूबाई आणि दोन मुलं. थेरपिस्ट म्हणतात, "त्यांना करू द्या." गॅस चालू राहिला तर? मी मिस्टरांना शेगडीजवळ जाऊच देत नाही. आणि सकाळी तुमच्यासमोर गोड बोलतात, संध्याकाळी ताट भिरकावतात. ते कुठल्या चाचणीत येतं?

घरभेट_थेरपिस्ट
ताई, शेगडी आत्ता नकोच. तुमचं बरोबर आहे. आणि संध्याकाळचं जे सांगितलंत ते थेरपिस्टला लिहूनच द्या: किती वाजता, घरात आवाज किती होता, दुपारी झोप झाली होती का. या दुखण्यात थकवा फार असतो, सकाळच्या तपासणीत तो दिसत नाही. "चुकत चुकत शिकतील" हेही सगळ्यांना लागू नाही. स्मरणाला मार असेल तर केलेली चूकच पक्की होते. नळाचं पाणी भरण्यासारखं एकच काम निवडा, पायऱ्या मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, आणि चुकायच्या आधीच बोटाने पुढची पायरी दाखवा.

सरकारी_ओपीडी
० ते ५ चा तक्ता मी भरेन, त्याला ना नाही. पण कॅन्टीनपर्यंत पेशंटसोबत जायला माणूस कोण देणार? इंटर्न मिळाले तर करते, नाहीतर माझ्याकडे 'मोका'च चालू राहील.